निवडणुकीची तयारी : आयोगाची आणि आपली

१५ जानेवारी २०२६ रोजी मुंबई महानगरपालिकेसाठी मतदान झाले आणि दुसऱ्या दिवशी मतमोजणी उरकली. कोण जिंकले, कोण हरले, याची चर्चा वर्तमानपत्रांतून पुष्कळ झाली. तीत भर घालण्याचा माझा हेतू नाही. त्या दिवशी सकाळी चेंबूरमधील एका शाळेच्या फाटकाशी जे पाहिले, त्याविषयी मला आपणांशी बोलावयाचे आहे.

सत्तरी ओलांडलेल्या एक धम्मभगिनी नातवाचा हात धरून मतदानास आल्या होत्या. अंगावर पांढरेशुभ्र लुगडे, हातात जपून ठेवलेले मतदार ओळखपत्र. थोड्याच वेळात त्या तशाच परत आल्या. बोटाला शाई नव्हती, कारण यादीत नाव नव्हते. "ओळखपत्र माझ्या हातात आहे, मग माझे मत कुठे गेले?" असे त्या जो भेटेल त्याला विचारीत होत्या. मी चौकशी केली. तीन वर्षांपूर्वी त्यांची चाळ पुनर्विकासासाठी पाडण्यात आली. कुटुंब रस्त्यापलीकडे भाड्याच्या खोलीत गेले. जुन्या पत्त्यावर राहत नाहीत म्हणून नाव कमी झाले, आणि नव्या पत्त्यावर नाव घालण्यासाठी अर्ज कोणी केला नाही. त्या बाईंचे मत १५ जानेवारीस गेले नव्हते. ते कित्येक महिने आधीच गेले होते. त्यांना कळले मात्र त्या दिवशी.

निवडणूक ही एका दिवसाची गोष्ट आहे, हा समज आपल्या समाजात खोल रुजला आहे. वस्तुतः मतदानाचा दिवस हा एका दीर्घ कामाचा अखेरचा दिवस होय. त्यापूर्वी चार गोष्टींचा निकाल लागून गेलेला असतो. प्रभागाची सीमा कोठून जाणार, कोणता प्रभाग कोणासाठी राखीव राहणार, मतदारयादीत कोणाचे नाव असणार, आणि उमेदवारी अर्जास जोडावयाचा दाखला कोणाजवळ असणार. हे चार निकाल लागत असताना आपण कोठे होतो, एवढाच माझा प्रश्न आहे.

प्रथम ही तयारी कोण करतो, ते पाहू. लोकसभा व विधानसभा यांच्या निवडणुका भारताचा निवडणूक आयोग घेतो. महानगरपालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोगाकडे असते. १ जून १९९३ पासून अंमलात आलेल्या ७४व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांच्या मतदारयाद्या तयार करण्याचे आणि निवडणुका घेण्याचे अधीक्षण व नियंत्रण अनुच्छेद २४३-झेडए अन्वये या आयोगाच्या हाती दिले. आयोगाजवळ स्वतःचा मोठा नोकरवर्ग नसतो. महापालिकेचे अधिकारी, विभाग कार्यालयांतील कारकून, शाळांतील शिक्षक यांच्या हातून तो काम करवून घेतो. आपल्या चेंबूरपुरते बोलावयाचे तर एम पश्चिम व एम पूर्व या दोन विभाग कार्यालयांच्या मेजांवरूनच ही कागदपत्रे पुढे सरकली.

त्याच घटनादुरुस्तीने असेही बजावले की नगरपालिकेची मुदत पाच वर्षांची असेल आणि ती संपण्यापूर्वीच नवी निवडणूक पूर्ण केली जाईल. प्रत्यक्षात काय झाले? फेब्रुवारी २०१७ मध्ये निवडून आलेल्या सभागृहाची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद आणि प्रभाग २२७ ठेवावयाचे की २३६ करावयाचे हा घोळ, यांत जवळजवळ चार वर्षे गेली. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी निवडणुका चार महिन्यांत पार पाडण्यास सांगितले; पुढे ३१ जानेवारी २०२६ ही अखेरची मर्यादा घालून दिली. तोवर मुंबईचा कारभार प्रशासकाच्या हाती होता. वस्तीतील गटार तुंबले किंवा नळ कोरडा पडला, तर ज्याच्या दारी जाऊन जाब विचारावा असा नगरसेवक चार वर्षे नव्हता. बंगल्यात राहणाऱ्यास याची झळ फारशी लागत नाही. ज्याचे पाणी, शौचालय, दवाखाना आणि मुलांची शाळा ही सारी महापालिकेवर अवलंबून आहेत, त्यालाच ती लागते. म्हणून ही निवडणूक आपल्यासाठी विधानसभेहूनही जवळची होय.

आता त्या चार निकालांकडे वळू.

पहिला निकाल सीमांचा. ऑगस्ट २०२५ मध्ये २२७ प्रभागांच्या सीमांचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला आणि त्यावर हरकती व सूचना मागविण्यात आल्या. प्रारूप याचा अर्थच असा की ते अजून पक्के नाही, लोकांनी बोलावे. एखाद्या वस्तीच्या मधून रेघ गेली, तर अर्धी वस्ती एका प्रभागात व अर्धी दुसऱ्यात पडते, आणि दोन्हीकडे ती अल्पमतात जाते. ही रेघ बहुधा कोणी द्वेषाने ओढलेली असते असे माझे म्हणणे नाही. लोकसंख्येचे आकडे जुळविताना रस्ता, नाला, रेल्वेमार्ग पाहून ती ओढली जाते. परंतु नकाशा पाहणाऱ्याला वस्ती दिसत नाही. ती दाखवून देण्याचे काम वस्तीत राहणाऱ्याचे आहे. आपल्यापैकी किती जणांनी तो नकाशा उघडून पाहिला? राजकीय पक्षांच्या कार्यकर्त्यांनी पाहिला, कारण त्यांना त्याची किंमत माहीत होती.

दुसरा निकाल आरक्षणाचा. ११ नोव्हेंबर २०२५ रोजी वांद्र्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात आरक्षणाची सोडत निघाली. २२७ पैकी १५ जागा अनुसूचित जातींसाठी राखीव ठरल्या आणि त्यांपैकी ८ महिलांसाठी. या १५ मध्ये एम पूर्व व एम पश्चिम या आपल्या दोन विभागांचा वाटा मोठा आहे. सोडत म्हटले की चिठ्ठी व नशीब डोळ्यांपुढे येते. अनुसूचित जातींच्या जागांबाबत नशिबाचा भाग फार थोडा असतो. एकूण लोकसंख्येशी अनुसूचित जातींचे जे प्रमाण, त्या प्रमाणात जागा, ही अनुच्छेद २४३-टी ची आज्ञा आहे. आणि ज्या प्रभागांत हे प्रमाण अधिक, तेथून उतरत्या क्रमाने ते प्रभाग निवडावयाचे, ही रीत आहे. चिठ्ठी निघते ती त्यांतील महिलांच्या जागा ठरविण्यासाठी.

मग हे प्रमाण कोठून येते? जनगणनेतून. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाखांच्या वर होती आणि अनुसूचित जातींची सुमारे ८ लाख, म्हणजे साधारण साडेसहा टक्के. २२७ चे साडेसहा टक्के काढा. १५ चा आकडा हाती येतो. तात्पर्य, २०२६ सालच्या या जागा किती, ते २०११ साली प्रगणक आपल्या दारी आला तेव्हाच ठरले. त्या दिवशी घरातील कोणी त्याला काय सांगितले, हे आठवून पाहावे. प्रगणकाजवळ अनुसूचीतील जातींची यादी असते. त्या यादीतील नाव सांगितले नाही, तर ती नोंद अनुसूचित जातींत होत नाही. धर्म बौद्ध म्हणून अभिमानाने सांगावा आणि जातीच्या प्रश्नाला केवळ "आम्ही जात मानीत नाही" असे उत्तर द्यावे, असे किती घरी झाले असेल! भावना उदात्त होती. परंतु हिशेबाच्या वहीतून तेवढी माणसे गळली. या प्रश्नाकडे मी पुढे पुन्हा येणार आहे.

तिसरा निकाल यादीचा, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा. महापालिकेसाठी मतदारांची नोंदणी वेगळी होत नाही, हे पुष्कळांस ठाऊक नसते. विधानसभेची यादी घ्यावयाची आणि ती प्रभागवार फोडावयाची, ही पद्धत आहे. या निवडणुकीसाठी १ जुलै २०२५ रोजी अस्तित्वात असलेली विधानसभेची यादी आधार धरण्यात आली. २० नोव्हेंबरला प्रारूप यादी प्रसिद्ध झाली आणि हरकतींची मुदत वाढवून ३ डिसेंबरपर्यंत देण्यात आली. परंतु त्या हरकतींच्या काळात काय दुरुस्त होऊ शकते, ते नीट समजून घ्या. लेखनिकाची चूक झाली असेल, नाव दुसऱ्याच प्रभागात पडले असेल, किंवा विधानसभेच्या यादीत असूनही प्रभागाच्या यादीत उतरले नसेल, तर दुरुस्ती होते. विधानसभेच्या यादीत जे नावच नाही, ते त्या वेळी घालता येत नाही. राज्य निवडणूक आयोगाला तो अधिकार नाही. अर्थात ३ डिसेंबरला धावपळ करणाऱ्याची वेळ १ जुलैलाच निघून गेलेली होती.

त्या यादीत १ कोटी ३ लाखांहून अधिक मतदार होते, आणि त्यांत चार लाखांहून अधिक नावे एकापेक्षा अधिक वेळा आल्याने सुमारे ११ लाख नोंदी दुबार असल्याचे आढळले. अशा नावांपुढे खुणा करून, कोणत्या केंद्रावर मत देणार हे मतदाराकडून लिहून घेण्याचे काम कर्मचाऱ्यांवर पडले. या दुबार नोंदींवरून मोठा गदारोळ झाला आणि तो योग्यच होता, कारण दोनदा आलेले नाव हा बोगस मताला उघडा दरवाजा असतो. परंतु ज्यांची नावे एकदाही आली नाहीत, त्यांच्यासाठी गदारोळ कोणी केला? दुबार नाव यादीत दिसते, म्हणून मोजता येते. गळलेले नाव दिसत नाही आणि म्हणून कोणी ते मोजीतही नाही.

आपल्या परिसरात अशी नावे गळण्याचे कारण उघड आहे. चेंबूर व त्याच्या आसपासचा भाग हा उचलून आणलेल्या आणि उचलून नेलेल्या माणसांचा भाग आहे. माहूलच्या इमारतींत, वाशी नाक्यावर, मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडमध्ये राहणारे लोक रस्ते, रेल्वे, नाले, जलवाहिन्या यांच्या कामांसाठी शहराच्या दुसऱ्या टोकांहून येथे आणले गेले. शेजारच्या घाटकोपरला रमाबाई आंबेडकर नगरात पुनर्विकास व मुक्तमार्गाचा विस्तार यांसाठी शेकडो घरे पाडली गेली आणि कुटुंबे भाड्याच्या घरांत पांगली. घर बदलले की शिधापत्रिका, विजेचे देयक आणि शाळेचा दाखला यांसाठी माणूस धडपडतो, कारण त्यांवाचून उद्याचा दिवस अडतो. मतदारयादीवाचून उद्याचा दिवस अडत नाही. म्हणून ते काम मागे पडते, आणि पाच वर्षांतून एकदा, त्या धम्मभगिनीप्रमाणे, फाटकाशी आल्यावर आठवते.

चौथा निकाल दाखल्याचा, आणि येथे आपल्या धर्मांतराचा इतिहास थेट आडवा येतो.

गेल्या डिसेंबरात एक तरुण विवाहित भगिनी माझ्याकडे कागदांची पिशवी घेऊन आली. दहा वर्षे तिने वस्तीत बचत गट चालविले होते, दवाखान्याच्या रांगेत बायकांसोबत उभी राहिली होती. तिचा प्रभाग अनुसूचित जातीच्या महिलेसाठी राखीव झाला होता आणि लोकांनीच तिला उभे राहण्याचा आग्रह केला होता. आयोगाने १५ डिसेंबरला कार्यक्रम जाहीर केला. अर्ज २३ पासून ३० डिसेंबरपर्यंत भरावयाचे होते. राखीव जागेसाठी जातीचा दाखला लागतो आणि त्याची पडताळणी समितीने दिलेले वैधता प्रमाणपत्र, निदान त्यासाठी आधीच अर्ज केल्याचा पुरावा लागतो. तिच्याजवळ यांपैकी काहीच नव्हते. नवऱ्याचा दाखला होता. तो निरुपयोगी, कारण स्त्रीची जात कायद्याने माहेरची धरली जाते. वडिलांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर धर्म व जात या दोन्ही रकान्यांत एकच शब्द होता, बौद्ध. महाराष्ट्रात अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० ही तारीख मानलेली आहे. त्या दिवशी किंवा त्यापूर्वी कुटुंब येथले होते व अनुसूचीतील जातीचे होते, असा पुरावा लागतो. तो आजोबांच्या शाळेच्या नोंदीत, सातारा जिल्ह्यातील एका गावी असावयास हवा होता. पंधरा दिवसांत गाव, शाळा, नोंद, दाखला आणि पडताळणी एवढी मजल कोण मारणार? ती उभी राहू शकली नाही.

कोणाला वाटेल, वैधता प्रमाणपत्र मागाहून आणता येते, तेव्हा अर्ज तर भरावा. ते येते, परंतु ठरलेल्या मुदतीत आणले नाही, तर निवड पूर्वलक्षी प्रभावाने रद्द होते, आणि ही मुदत बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे. लोकांनी निवडून दिलेली जागा कागदावाचून गमावणे, ही मते मिळवून हरण्याची गोष्ट होय.

आता काही वाचकांच्या मनात जो प्रश्न उठला असेल, तो मी टाळणार नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भूमीवर ज्यांनी जात टाकली, त्यांच्या नातवंडांनी जातीचा दाखला शोधीत गावोगाव हिंडावे काय? हे धर्मांतराशी प्रतारण नव्हे काय?

या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी आपल्या वडीलधाऱ्यांनी काय किंमत मोजली ते स्मरावे. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाने हिंदूखेरीज अन्य धर्म मानणाऱ्यास, काही शीख जातींचा अपवाद वगळता, अनुसूचित जातीतून बाहेर ठेवले होते. बौद्ध झालो की राखीव जागा जाणार, हे १९५६ साली सर्वांना दिसत होते. तरीही १९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या प्रदेशात जेथे अडीच हजारांच्या आसपास बौद्ध होते, तेथे १९६१ साली २७ लाख ८९ हजारांहून अधिक लोकांनी आपला धर्म बौद्ध म्हणून नोंदविला. १९६२ साली नागपुरातील राखीव मतदारसंघातून डॉ. दे. प. मेश्राम विधानसभेवर निवडून आले. त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला आहे, या मुद्द्यावर त्यांची निवडणूक आव्हानित झाली आणि १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने ती रद्दबातल ठरविली. धर्म मानणे म्हणजे तो उघडपणे जाहीर करणे, असा अर्थ न्यायालयाने लावला. आणि ज्याने तसे उघडपणे जाहीर केले, तो त्या आदेशाखाली अनुसूचित जातीचा राहत नाही, असे सांगितले. राज्य शासनाने शिक्षण व नोकरीच्या सवलती नवबौद्धांस दिल्या, परंतु कायदेमंडळाच्या राखीव जागेचे दार उघडणे राज्याच्या हाती नव्हते. ते १९९० साली संसदेने आदेशात दुरुस्ती केली, तेव्हा उघडले. चौतीस वर्षे आपल्या समाजाने धर्माचे नाव बदलले नाही आणि जागेसाठी खोटेही लिहिले नाही.

हे दार ज्यांनी एवढे सोसून उघडविले, त्यांच्या नातवंडांनी कागद नाही म्हणून उंबऱ्यावरून परतावे, यात मला धर्मनिष्ठा दिसत नाही. मी वकील आहे. मला रोजच्या कामातला दाखला सुचतो. मार खाल्लेला माणूस फिर्याद देतो तेव्हा आपल्या अंगावरील जखमांची नोंद पंचनाम्यात करून घेतो. त्याने जखम मान्य केली, तिचा अभिमान धरला, असे कोणी म्हणत नाही. जखमेची नोंद नसेल तर दावाच उभा राहत नाही. दाखल्यावरील जातीचे नाव ही तशीच नोंद आहे. आपल्या पूर्वजांवर काय लादले गेले, हे ती सांगते; आपण आज काय आहोत, ते धर्माच्या रकान्यातील बौद्ध हा शब्द सांगतो. हे दोन रकाने वेगळे आहेत आणि कायद्याने ते १९९० पासून एकत्र नांदतात. घरात जात पाळणे, विवाहात पोटजात पाहणे, ही धर्मांतराशी प्रतारणा होय. सरकारी कागदावर अन्यायाची नोंद ठेवणे ही नव्हे.

दुसराही आक्षेप आहे आणि तो अधिक वजनदार आहे. राखीव जागेवरील उमेदवार पक्षाचा बांधील होतो, समाजाचा राहत नाही, हे दुखणे पुणे करारापासूनचे आहे. कायदेमंडळातील राखीव जागा रद्द कराव्यात असा ठराव शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या कार्यकारिणीने ऑगस्ट १९५५ मध्येच केला होता, आणि तो बाबासाहेबांच्या हयातीत. मी हे नाकारीत नाही. म्हणूनच मी दाखल्याहून यादीला अधिक महत्त्व देतो. राखीव प्रभाग १५; उरलेले २१२. आपले मत सर्व २२७ प्रभागांत आहे. १९५९ साली आंबेडकरी चळवळीतील पी. टी. बोराळे मुंबईचे महापौर झाले, ते मतांच्या संघटित बळावर. ज्या समाजाची नावे यादीत पूर्ण आहेत, त्याच्याशी राखीव जागेवरचा उमेदवारही जपून बोलतो आणि खुल्या जागेवरचाही.

परमपूज्य बाबासाहेबांचा राजकीय जीवनातील प्रवेशच मुळी मतदारयादीच्या प्रश्नावर झाला, हे आपण विसरतो. २७ जानेवारी १९१९ रोजी साउथबरो समितीपुढे त्यांनी साक्ष दिली, ती मताधिकाराविषयी. मालमत्ता आणि शिक्षण यांची अट ठेवली तर अस्पृश्यांची नावे यादीत येणारच नाहीत, हे ओळखून त्यांनी आपल्या लोकांसाठी ती अट खाली आणण्याची मागणी केली. १९२८ साली सायमन आयोगापुढे त्यांनी प्रौढ मताधिकार मागितला. मुंबई महापालिकेत तो १९४८ साली आला आणि १९५० साली उपनगरे बृहन्मुंबईत सामील झाली, तेव्हा चेंबूरच्या कष्टकऱ्यासही तो लाभला. तोवर महापालिकेच्या मतासाठी कराची किंवा भाड्याची अट असे. जे मत मिळावे म्हणून त्यांनी आयुष्यातील एवढी वर्षे खर्च केली, ते आज अर्ज न भरल्यामुळे जाते. अटीने गेलेल्या मतासाठी लढता तरी येते. आळसाने गेलेल्या मतासाठी कोणाशी लढणार?

काही जण म्हणतील, हे काम पक्षांचे आहे. पक्षाचा कार्यकर्ता आपल्या मतदाराचे नाव तपासतो. ज्याचे मत आपल्याला पडणार नाही असे त्यास वाटते, त्याचे नाव गळले तर त्याला दुःख होत नाही. आणि आपल्या वस्तीत पक्ष इतके झाले आहेत की प्रत्येकाला शेजारचा परका वाटतो. हे काम ज्याला सर्व घरे सारखी आहेत, अशाच संस्थेने करावयाचे आहे. तशी संस्था आपल्याजवळ एकच आहे, ती म्हणजे विहार.

चेंबूरमध्ये सिद्धार्थ कॉलनीपासून पी. एल. लोखंडे मार्गापर्यंत आणि घाटल्यापासून पांजरापोळपर्यंत विहारांची उणीव नाही. त्यांच्या समित्यांना मी चार साधी कामे सुचवितो.

पहिले, विहारात वस्तीची वही ठेवावी. प्रत्येक घरातील अठरा वर्षांवरील माणसे, त्यांचे मतदारयादीतील नाव आहे की नाही, आणि घर बदलले असल्यास नवा पत्ता, एवढेच तीत असावे. कोणी कोणाला मत दिले वा द्यावे, याचा तीत एक शब्दही नसावा. ज्या दिवशी वहीत पक्ष शिरेल, त्या दिवशी तिच्यावरील लोकांचा विश्वास उडेल.

दुसरे, नावनोंदणी वर्षभर चालते, हे लक्षात ठेवावे. आता अठरा वर्षे पूर्ण झाल्याची अर्हता मोजण्यास १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर अशा वर्षातून चार तारखा आहेत. नव्या नावासाठी नमुना ६ आणि पत्ता बदलणे व दुरुस्ती यांसाठी नमुना ८ भरावयाचा असतो. प्रत्येक तिमाहीस एका रविवारी, वंदना आटोपल्यावर, दोन लिहित्या-वाचत्या तरुणांनी तासभर बसून हे अर्ज भरून द्यावेत, आणि आपल्या भागातील मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, ज्यांस लोक बीएलओ म्हणतात, ते कोण आहेत याची माहिती विहाराच्या फलकावर लावावी. चाळ पाडण्याची नोटीस आली की त्याच आठवड्यात ही वही उघडावी.

तिसरे, दाखले निवडणुकीसाठी काढू नयेत. आधीच काढून ठेवावेत. आजोबांच्या शाळेची, जन्ममृत्यूची, जमिनीची जी जुनी नोंद गावी असेल, ती हयात असलेल्या वडीलधाऱ्यांना विचारून शोधावी. मुलींनी विवाहापूर्वीच माहेरचा दाखला व वैधता प्रमाणपत्र करून घ्यावे. पुढल्या वेळी महिलांची चिठ्ठी निघेल तेव्हा पात्र भगिनींची वाण पडू नये.

चौथे, जनगणना. १ मार्च २०२७ ही संदर्भतारीख धरून होणारी जनगणना जाहीर झाली आहे आणि तीत सर्वांच्या जातीची नोंद होणार आहे. प्रगणक दारी येईल तेव्हा धर्माच्या प्रश्नाला बौद्ध हे उत्तर द्यावे, ठामपणे द्यावे, आणि प्रगणकाने ते तसेच लिहिले आहे हे पाहून घ्यावे. जातीच्या प्रश्नाला अनुसूचीतील आपल्या जातीचे नाव सांगावे. जे उत्तर तेव्हा दिले जाईल, त्यावर पुढील प्रभागरचना आणि पुढील राखीव जागा उभ्या राहतील. हा निर्णय कोणी दुसरा घेणार नाही. तो आपल्या उंबऱ्यावर, दोन मिनिटांत, बहुधा घरातील स्त्रीच्या तोंडून होणार आहे. तेव्हा घरोघरी आताच बोलावे.

या चार कामांना पैसा लागत नाही, परवानगी लागत नाही आणि पुढारीही लागत नाही. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखोंची रांग शिस्तीने लावणारा हा समाज वर्षातून चार रविवार देऊ शकत नाही, असे मी मानीत नाही.

वाचकहो, आयोगाच्या तयारीत दोष होते व पुढेही असतील. त्यांवर न्यायालयात आणि रस्त्यावर बोलावेच लागेल. परंतु आयोगाने आपली तयारी जाहीर तारखा लावून केली. त्या तारखा आपल्यालाही वाचता येत होत्या. ज्या धम्मभगिनी शाळेच्या फाटकाशी मत कुठे गेले म्हणून विचारीत होत्या, त्यांना मी त्या दिवशी समाधानकारक उत्तर देऊ शकलो नाही. मात्र मतदानानंतरच्या पहिल्याच रविवारी त्यांच्या खोलीवर जाऊन त्यांचा नमुना ६ भरून दिला. त्यांनी सही केली ती मोठ्या, सुट्या अक्षरांत, आणि विचारले, "आता पुढच्या वेळी नक्की ना?" ते नक्की करणे आता आपल्याच हाती आहे.

जय भीम.